एक फूट मागची रेघ

आमच्या कॉलेजच्या पोरांनी बास्केटबॉलचा झोनलचा कप आणला, तो हिवाळा मला पोटऱ्यांत आठवतो. म्हणजे आधी दुखणं आठवतं आणि कप मागून. पहाटे साडेपाचला उठून कोर्ट झाडायचं, पोरं आली की बॉल आणून द्यायचे, दिवसभर मैदानाची आणि ऑफिसची बारीकसारीक कामं, संध्याकाळी पुन्हा पोरं. रात्री आडवं झालं की पाय आपलेच आहेत का, असा प्रश्न पडायचा.

मी आठवी नापास. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते आपल्या नापास असण्यानंच झालं, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

माझं गाव किनवटच्या पुढं, सागाच्या जंगलाला लागून. तिथून नांदेडपर्यंत बस, नांदेडहून रेल्वे, दौंडला उतरायचं आणि मग मिळेल त्या गाडीनं शिरूर. मी पहिल्यांदा आलो ते आमच्या भागातल्या एका मिस्त्रीबरोबर, रांजणगावच्या कंपन्यांची शेड उभी राहत होती तेव्हा. सहा-सात वर्षं त्याच्या हाताखाली काम केलं. मग कंत्राटदारामार्फत एका कंपनीत लागलो. तिथं आठ-आठ तास उभं राहून पायाच्या शिरा फुगल्या. डॉक्टरनं उभं राहायचं काम सोडा म्हणून सांगितलं, आणि कंत्राटदारानं ते ऐकून मलाच सोडलं.

पुन्हा बिगारीवर आलो. त्या उन्हाळ्यात शिरूरच्या एका कॉलेजात बास्केटबॉलच्या कोर्टाची दुरुस्ती निघाली होती. दोन्ही रिंगांखालचं सिमेंट उखडलं होतं, ते काढून नवं घालायचं काम. सिमेंट ओलं असताना त्यावरून कुत्री जाऊ नयेत म्हणून मी बाभळीच्या फांद्या आणून आडव्या लावल्या आणि दुपारभर जवळच बसून राहिलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण कुत्र्याचा पाय उमटला की तो कायमचा, हे मिस्त्रीकडं शिकलेलं.

खेळाचे सर तिथून चालले होते. ते राहू गावचे. घरचा ऊस आहे, वय पन्नाशीच्या पुढं, आवाज शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. ते थांबले.

"कुठलं पाव्हणं?"

"किनवटकडचा, सर."

"लय लांबनं आलाय. आन् हितं काय राखताय?"

"सिमेंट."

ते हसले आणि गेले. दोन दिवसांनी त्यांनी मला प्राचार्यांपुढं उभं केलं आणि म्हणाले, "मैदानाला असा माणूस पाहिजे." त्यांनी शब्द टाकला आणि मला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळाली. राहायला खेळाच्या सामानाच्या खोलीला लागून एक खोली. पायांना बसायची मुभा. घरी फोन करून बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या सरायले जपा." ती सांगायच्या आधीपासूनच मी त्यांना जपत होतो. माझं सगळं तिथूनच बिघडलं.

माझं पहिलं मोठं काम कोर्टाच्या रेघा मारायचं. बाकीच्या रेघा जुन्या होत्या, त्यांच्यावरूनच ब्रश फिरवायचा होता. पण रिंगांखालचं सिमेंट नवं, तिथल्या रेघा गेलेल्या. त्यात फ्री थ्रोची रेघही गेली. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: समोरच्यानं धक्का दिला, हात ओढला, की पंच शिट्टी मारतो आणि या रेघेवर एकट्याला उभं करून बॉल टाकायला देतो. मध्ये कोणी आडवं येत नाही. फक्त तुम्ही, बॉल आणि रिंग. सर म्हणायचे, यात जो चुकला त्याला सांगायला कारण नसतं.

त्या दिवशी सर राहूला गेले होते, भावकीतलं लग्न होतं. जाताना हजेरीच्या एका कागदामागं चिठ्ठी लिहून गेले. त्यात ही रेघ मागच्या, म्हणजे रिंगमागच्या हद्दीच्या रेघेपासून वीस फुटांवर, असं होतं. सोबत कॉलेजचा कापडी टेप.

त्या टेपचं पहिलं फूट तुटलेलं होतं. टोक एकच्या आकड्यापासूनच सुरू व्हायचं. असे टेप मी खूप हाताळले होते. बांधकामावर रिवाज असतो की टेप दोघांनी धरायचा आणि टोकाला जो बसलेला असेल त्यानं मोठ्यानं बोलायचं. टेप चांगला असेल तर 'शून्य', तुटका असेल तर 'एक'. पलीकडचा ते ऐकतो आणि तेवढं धरून खूण करतो. सहा-सात वर्षं मी टोकाचा माणूस होतो. 'एक' म्हणणारा. खूण करणारा मिस्त्री.

त्या दिवशी दुसरा माणूस नव्हता. मी टोकावर वीट ठेवली. वीट काही बोलत नाही. पण टेप एक फूट तोकडा आहे हे मला ठाऊक होतं, आणि सरांच्या डोक्यात ते कशाला येईल, ते शिकलेले, कागदावरचं माप लिहून गेले असतील, असं मी धरलं. म्हणून वीसच्या जागी एकवीसच्या आकड्यावर खूण केली. दोन्ही बाजूंना. पांढरा ऑइलपेंट, दोन हात. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की संध्याकाळी एकटाच कोर्टाभोवती फिरून बघितलं.

सर आले, रेघा बघितल्या आणि म्हणाले, "झकास." एवढंच. त्यावर मी दोन महिने जगलो.

पोरं मला मामा म्हणायची. कॉलेजात मैदानाचा, ऑफिसचा, घंटा देणारा सगळे मामाच असतात, पण माझ्यात त्यांना अजून एक गंमत सापडली. मी 'का' म्हणायच्या जागी 'काहून' म्हणायचो. मग बॉल बाहेर गेला की कोणीतरी ओरडायचं, "मामा, बॉल गेला." दुसरा लगेच, "काहून गेला?" मला राग यायचा नाही. आपल्या बोलण्याची कोणी नक्कल करतं म्हणजे निदान ऐकतं तरी.

पोरं बारा होती. निम्म्यांच्या घरी ऊस, दोघं सकाळच्या पाळीला रांजणगावला शिकाऊ म्हणून जायची आणि कंपनीच्या बसमधून उतरून तशीच ग्राऊंडवर यायची. कप्तान शिरूरचाच, मुसलमानाच्या घरचा. वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान, जाळ्या-गेटं करायचे. पोरगा फार उंच नव्हता, पण त्याच्या हातातून बॉल सुटला की आधीच कळायचं जाणार म्हणून. वडील नेहमी म्हणायचे, "आमचा पोरगा वेल्डिंग वाकडं करतो, पण बॉल सरळ मारतो."

सीझन सुरू व्हायच्या आधीच पोरं कुरकुरायला लागली होती. आपल्या ग्राऊंडवर फ्री थ्रो जड जातो, हात पोचत नाही. सर म्हणायचे, "ताकद कमी हाय तुमच्या मनगटात. बादल्या उचला." पोरांनी खरंच बादल्या उचलल्या. पाण्यानं भरलेल्या, दोन्ही हातांत, कोर्टाभोवती. हळूहळू त्यांचा हात पोचायला लागला. कप्तान तर दहातले आठ टाकायचा. सर खूश होते. मीही.

पहिला सामना दौंडला, तिथल्या एका कॉलेजच्या कोर्टावर. दिवाळी होऊन गेली होती, उसाचं गाळप सुरू झालं होतं. वडापची एक जीप ठरवली. बारा पोरं, सर, मी, बॉलची जाळी आणि पाण्याचा कॅन. न्हावऱ्यावरून चौफुला, पुढं पाटस. पाटसच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं पाऊण तास रखडलो. एक पोरगा खिडकीतून हात काढून ट्रॉलीतलं कांडं ओढायला गेला तर सर म्हणाले, "ओढ ओढ. तो आमच्याच भावकीतला ऊस आसंल. घरी गेल्यावर मी तुझ्या बापाला फोन करतो." सगळे हसले आणि कांडं तिथंच राहिलं.

सामना चांगला चालला होता. पोरं पळत होती, मनगटं खरंच तयार झाली होती. फक्त एक गोष्ट कळत नव्हती. फ्री थ्रो मिळाला की बॉल रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बाहेर यायचा. एकाचा नाही, सगळ्यांचा. कप्तानानं सहा टाकले, त्यातला एक गेला. तो परत येताना म्हणाला, "हितलं रिंग जवळ आल्यागत वाटतंय."

सर म्हणाले, "रिंग चालत येतं व्हय? डोकं ठिकाणावर ठेव."

मध्यंतरात पोरं पाणी पीत होती. मी उगाच कोर्टावर गेलो. मिस्त्रीकडं असताना टेप जवळ नसला की पावलानं मोजायची सवय लागली होती. चप्पल काढायची आणि टाचेला चवडा लावत जायचं. आपली फ्री थ्रोची रेघ माझ्या पावलांनी तेवीस भरायची, हे मला पाठ होतं, झाडताना शंभरदा मोजलेलं. दौंडला बावीस भरली. मी परत फिरून मोजली. बावीस.

एक पाऊल म्हणजे साधारण फूटच. त्या कोर्टावर उभ्या उभ्या मला माझी एकवीसची खूण आठवली. तरी मनाला समजावलं की यांचीच रेघ चुकलेली असेल. कोणाचा कोणाला भरवसा.

सामना आम्ही जिंकलो, चार पॉइंटांनी. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. दौंडच्या स्टेशनवरची घोषणा तिथपर्यंत ऐकू येत होती, नांदेडकडं जाणारी गाडी लागत होती. मला एकदम वाटलं की आत्ता चालत जावं, तिकीट काढावं आणि बसावं. उद्या सकाळी नांदेड. कोणाला काही सांगायला नको. मग सरांनी हाक मारली, "पाव्हणं, बॉल मोजा." मी बॉल मोजले.

दुसरा सामना पुण्याकडच्या एका कॉलेजात होता. तिथंही मध्यंतरात मी चप्पल काढली. एक पोरगा म्हणाला, "मामा नवस फेडताय का?" मी म्हणालो, "पाय आखडलेत." तिथंही बावीसच भरली. आता दोन कोर्टं एकीकडं आणि आपलं एक एकीकडं. त्या सामन्यात आम्ही एका पॉइंटानं वाचलो, आणि कप्तानानं शेवटच्या मिनिटात दोन्ही फ्री थ्रो घालवले.

परत येताना जीपमध्ये गाणी झाली नाहीत. जिंकूनसुद्धा. सर पुढं बसले होते. रांजणगावजवळ ते मागं न बघता म्हणाले, "सरावात दहातले आठ. मॅचला आठातला एक. म्हंजी हात बरोबर हाय. भीती मनात हाय."

कप्तान म्हणाला, "न्हाई सर, भीती न्हाई."

"मग काय हाय?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. उत्तर माझ्याकडं होतं आणि मी पाण्याचा कॅन मांडीत धरून बसलो होतो.

बायकोला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, "कोणाले समजलं का?"

"नाही."

"मंग काहून बोलता? ऑर्डर उन्हाळ्यात संपते ना? पोरीचं दहावीचं वर्ष हाय."

तिचं खोटं नव्हतं. आमची पोरगी माझ्याच शाळेत आहे आणि माझ्या दोन इयत्ता पुढं गेली आहे. मी सांगितलं असतं की रेघ मीच चुकवली, तर कोणीही म्हणालं असतं की आठवी नापास माणसाला मापाचं काम दिलं हीच चूक. आणि ती चूक सरांच्या नावावर गेली असती, कारण शब्द त्यांचा. मला माझ्या नोकरीची भीती होती हे खरं. पण त्याहून जास्त, सरांनी प्राचार्यांपुढं मला उभं केलं होतं ते सारखं डोळ्यांपुढं यायचं. ज्यानं आपल्याला उचललं त्या माणसाला खाली बघायला लावायचं, हे माझ्यानं होईना.

तिसरा सामना जिंकला. कसा ते मला आठवत नाही. फायनल शिरूरला, आमच्याच कोर्टावर ठरली होती. सरांनी कप्तानाला ऑफिसात बोलावलं. मी दारातच पाण्याची घागर भरत होतो.

"तुला शेवटच्या पाच मिन्टाला मी बाहेर बसवणार," सर म्हणाले. "तवा फाऊल जास्त होतात. तुझ्या हातात फ्री थ्रो आला तर आपण हरू."

पोरगा म्हणाला, "सर, कप्तान हाय मी."

"म्हनून तर आधी सांगतोय."

"मला सुधरायला वेळ द्या."

सरांनी वेळ दिला. रोज पहाटे शंभर फ्री थ्रो. मी रिंगखाली उभं राहायचं आणि बॉल परत द्यायचा. सर खुर्ची टाकून मोजणार.

तर पहाटे सहाला आम्ही तिघं. अंगावर स्वेटर, तोंडातून वाफ. पोरगा रेघेवर, माझ्या रेघेवर. पहिल्या दिवशी शंभरातले त्र्याऐंशी गेले. दुसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी. सर खुर्चीतून म्हणायचे, "बघ. हात बरोबर हाय." आणि पोरगा दर वेळी एक फूट लांबचा हात पक्का करत होता. जितकं जास्त करत होता तितका तो बाहेरच्या कोर्टांसाठी नासत होता. आणि फायनलच्या दिवशी पंच स्वतःचा टेप घेऊन येणार, माप बघणार, रेघ खोडायला लावणार, हेही मला माहीत होतं. तेव्हा हा पोरगा नव्या रेघेवर उभा राहून पुन्हा मागच्या कडेवर बॉल आपटणार, तो बाहेर बसणार, आणि सगळे म्हणणार घाबरट आहे.

सहाव्या दिवशी पोटऱ्या इतक्या ठणकत होत्या की मी वाकून बॉल उचलायच्या ऐवजी पायानं थांबवत होतो. बासष्ट की त्रेसष्टावा बॉल रिंगमधून खाली आला. मी तो उचलला आणि दिला नाही.

"मामा, बॉल," कप्तान म्हणाला.

मी सरांकडं बघितलं. "सर, ही रेघ एक फूट लांब हाय. मी चुकवली. याचा हात चुकत नाही."

सर खुर्चीतून पुढं झुकले.

"कशावरनं?"

मी पावलांचं सांगितलं. दौंडचं, दुसऱ्या कोर्टाचं. तेवीस आणि बावीस. तुटक्या टेपचं आणि एकवीसच्या खुणेचं सांगितलं.

"चिठ्ठी ठिवली का?"

ती मी आधार कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. खोलीतून आणून दिली. सरांनी चष्मा लावला आणि स्वतःचंच अक्षर बराच वेळ वाचलं.

"खरं माप एकोणीस हाय," ते म्हणाले. "टेपाचं फूट तुटलेलं मला म्हाईत होतं. म्हनून मी आधीच एक वाढवून वीस लिहिलं. म्हटलं, नवं पाव्हणं हाय, चुकायचं."

"आन् मी एकवीस केलं," मी म्हणालो. "म्हटलं, तुमच्या ध्यानात नसंल."

कप्तान कोर्टावर मांडी घालून बसला. आधी मला वाटलं रडतो की काय. तो म्हणाला, "सर, म्हंजी मी घाबरत न्हवतो."

"न्हवतास," सर म्हणाले.

"मी घरी पन सांगितलं होतं, मला भीती बसली म्हनून."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग माझ्याकडं वळले. आवाज नेहमीचा नव्हता, हळू होता. "दौंडला कळलं होतं तुम्हाला?"

"व्हय सर."

"किती दिस झालं त्याला?"

"वीस-बावीस."

"रोज माझ्यासंगं च्या पीत होता. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

"तुम्ही शब्द टाकला होता, सर."

"शब्द टाकला म्हंजी काय दावं बांधलं का गळ्याला?" ते म्हणाले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते कोर्टाकडं बघत राहिले. मला त्या दिवशी पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. या पोराला बादल्या उचलायला त्यांनीच लावल्या होत्या, घाबरट त्यांनीच ठरवलं होतं. माझ्या गप्प बसण्यानं त्यांना तेवढं करायला वेळ मिळाला होता.

शेवटी कप्तानच बोलला. त्याला कोणाचं वाईट वाटण्यात रस नव्हता, त्याला फायनल खेळायची होती. "सर, पंच नवी रेघ मारायला लावतील ना? मग मी तिच्या मागं एक फूट उभा राहिलो तर? हितंच, जिथं आत्ता हाय. नियमात बसतंय का?"

सर विचार करून म्हणाले, "रेघेमागच्या अर्ध्या गोलाच्या आत पाय पाहिजे. रेघेला शिवायचा न्हाई. मागं किती उभा राहिलास, ते कोन इचारत न्हाई."

"मग झालं की."

त्याच दिवशी दुपारी दोन्ही बाजूंची रेघ बदलली. कप्तानानं वडिलांच्या दुकानातून लोखंडी टेप आणला, नवाकोरा. जुन्या रेघेवर मी सिमेंटचा पातळ हात मारला. सर गुडघे धरत मागच्या रेघेजवळ उकिडवे बसले, टेपचं टोक स्वतः धरलं. मी एकोणीसपाशी खडू घेऊन तयार.

सर काही बोलेनात. मी वाट बघत राहिलो.

"काय झालं? मारा की खूण," सर म्हणाले.

"सर, टोकाच्या माणसानं किती धरलंय ते बोलायचं असतं."

"कोनी ठरवलं?"

"मिस्त्रीनं."

सर खाली टोकाकडं बघून म्हणाले, "शून्य." मग जरा मोठ्यानं, "शून्यावर हाय." मी खूण केली.

फायनलच्या दिवशी पंचांनी आपला टेप लावला. त्यांनी मान हलवली आणि पुढं गेले. प्रेक्षक म्हणजे कॉलेजची पोरं, काही आईबाप, कंपनीच्या पाळीवरून आलेले चार-सहा जण. कप्तानाचे वडील दुकान बंद करून आले होते, हाताला ग्रीस तसंच. राहूवरून सरांचे भाऊ आले होते. मी पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो. खुर्ची होती पण बसवेना.

सामना काही शेवटच्या सेकंदाला वगैरे गेला नाही. आमची पोरं पहिल्यापासून पुढं होती. पण शेवटच्या पाच मिनिटांत समोरचे अंगावर यायला लागले, फाऊल व्हायला लागले, आणि सरांनी कप्तानाला बाहेर बोलावलं नाही. तो रेघेपाशी गेला. नव्या पांढऱ्या रेघेच्या मागं सिमेंटच्या हाताखालून जुनी रेघ अजून पुसट दिसत होती, राखाडी. त्याचे बूट बरोबर तिच्या मागं आले. समोरच्या टीमचं एक पोरगं म्हणालं, "अय, पुढं ये, लाजतोय का?" आमच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "काहून?" आणि सगळी हसली. पंचांनी पायांकडं बघितलं आणि बॉल दिला.

गेला. दुसराही. पुढच्या वेळी दोनातला एक. त्याच्या वडिलांनी प्रत्येक वेळी डोळे मिटून घेतले आणि आवाजावरून ओळखलं.

आम्ही जिंकलो. कॉलेजनं झोनल पहिल्यांदाच जिंकली होती. पोरांनी सरांना उचलायचा प्रयत्न केला, सर म्हणाले, "माझी कंबर मोडंल, त्याला उचला." त्यांनी कप्तानाला उचललं. फोटो झाले. प्राचार्य भाषणात मनगटांच्या ताकदीबद्दल बोलले, बादल्यांबद्दल बोलले. सरांनी माइकवर जाऊन फक्त आभार मानले. रेघेचं कुठंच काही आलं नाही. मी खुर्च्या गोळा करायला लागलो. ऐंशी-नव्वद खुर्च्या होत्या. पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण त्या दिवशी ते दुखणं नुसतं दुखणं होतं, त्याच्याखाली दुसरं काही नव्हतं.

कप्तान कप घेऊन खुर्च्यांपाशी आला आणि म्हणाला, "मामा, धरा." मी हात पुसून धरला. दिसतो तितका जड नसतो तो. "अब्बा म्हनत्यात, त्यो टेप मामांकडंच राहू दे," तो म्हणाला. मग त्यानं चार खुर्च्या उचलल्या आणि माझ्याबरोबर चालायला लागला.

उन्हाळ्यात ऑर्डर संपली. दुसऱ्या ऑर्डरचा कागद यायला तीन आठवडे लागले, ते आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. सरांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही की काय चाललंय. कागद आला तेव्हा शिपायानं आणून दिला. मी दौंडवरून गाडीनं घरी जाऊन आलो. पोरगी पास झाली होती.

परत आलो तर पावसाळ्याच्या आधी रेघांवर पुन्हा हात मारायचा होता. सर पुन्हा राहूला, पुन्हा भावकीतलं लग्न. सामानाच्या खोलीच्या दाराला चिठ्ठी अडकवलेली होती. फ्री थ्रो, मागच्या रेघेपासून एकोणीस फूट. खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: हे खरं माप. यात काही मिळवू नये.

मी चिठ्ठी वाचली, जुनीजवळ पिशवीत ठेवली. रंगाचा डबा उघडला नाही. सर परवा येणार होते. लोखंडी टेप काढून, तेल लावून, बाकावर ठेवला, आणि त्यांनी येऊन टोक धरेपर्यंत कोर्ट नुसतं झाडत राहिलो.